हळदीची कॅप्सूल की अश्वगंधा? साठीनंतरची निवड

दादरच्या औषधाच्या दुकानात या दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी दिसतात. यातल्या कशानेही माणसाचं आयुष्य वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून आई-बाबांची नेमकी तक्रार काय, तिथून सुरुवात करा.

पुलाचे जिने चढताना गुडघे दुखत असतील, तर मी हळदीच्या बाजूने आहे. २०१४ मध्ये थायलंडमधल्या ३६७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज १५०० मिलीग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे घेणाऱ्यांना जवळपास आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम पडला आणि पोटाच्या तक्रारी तिच्यापेक्षा कमी झाल्या. स्मरणशक्तीबद्दलचा पुरावा आशादायक असला तरी तोकडा आहे. लॉस एंजेलिसमधल्या २०१८ च्या अभ्यासात दीड वर्षात फरक दिसला, पण माणसं होती अवघी ४०.

मग आमटीतली हळद पुरत नाही का? या कामासाठी नाही. हळदीत कर्क्युमिन हा तिचा मुख्य गुणकारी घटक साधारण ३ टक्के, तोही रक्तात फार कमी उतरतो. म्हणून कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा काळ्या मिरीतलं पायपरिन घालतात. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात त्यामुळे शोषण सुमारे वीसपट वाढलं होतं. मात्र पायपरिन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं; फिटची फेनिटॉइन हे त्यातलं एक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल आणूच नका.

झोप हीच मुख्य तक्रार असेल, तर अश्वगंधा. ६५ ते ८० वयाच्या ५० जणांच्या चाचणीत ज्यांनी रोज ६०० मिलीग्रॅम मुळाचा अर्क १२ आठवडे घेतला, त्यांची झोप सुधारली आणि त्यांना सकाळी तरतरीही वाटली. बहुतेक चाचण्या अशाच दोन-तीन महिन्यांच्या आहेत, त्यामुळे वर्षानुवर्षं घेत राहण्याला आधार नाही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी जास्त जपावं, कारण अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते. झोपेच्या गोळीबरोबर तर घेऊच नये. बाटलीवर 'मुळाचा अर्क' लिहिलेलं आहे ना, तेही बघा. पानांचा वापर टाळावा, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच कळवलं आहे.

क्वचित का होईना, दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा, डॉक्टरांकडे जा आणि बाटली बरोबर न्या.