जो लुई की मोहम्मद अली? आधी जोड बघा

तालमीत जुन्या पैलवानाचं नाव निघालं की कट्ट्यावरचा एखादा म्हातारा हमखास विचारतो, "किती मारल्या ते राहू दे, जोड कोण होती?" वर्षभर पोरंच पाडत हिंडणाऱ्याच्या शंभर कुस्त्यांना भाव नसतो, आणि तोडीस तोड गड्याशी अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटलेल्याला लोक खांद्यावर घेतात.

बॉक्सिंगच्या वादात मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे पराभवांच्या रकान्यातलं शून्य दाखवलं की काम भागतं. रॉकी मार्सियानो, ४९ लढती, ४९ विजय. फ्लॉइड मेवेदर, ५० पैकी ५०. आता जोड बघा. मार्सियानोने लुईला पाडलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. त्याने हरवलेले वॉलकॉट आणि आर्ची मूरही चाळिशीकडे झुकलेले होते. त्यात मार्सियानोचा काही दोष नाही, त्याच्या वाट्याला पिढीच तशी आली. मेवेदरची पन्नासावी जोड होती कॉनर मॅकग्रेगर, जो २०१७ साली व्यावसायिक बॉक्सिंगची पहिलीच लढत खेळत होता. तो पन्नासावा विजय मी तरी मोजत नाही.

त्यामुळे हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, सगळ्यात मोठा कोण हे ठरवायला बसलात तर शेवटी पाटावर दोनच नावं उरतात. आकडे उरकून टाकू. लुई: ६६ विजय, त्यांतले ५२ नॉकआउट, ३ पराभव. अली: ५६ विजय, त्यांतले ३७ नॉकआउट, ५ पराभव. लुईकडे विजेतेपद सलग ११ वर्षं ८ महिने राहिलं आणि ते त्याने २५ वेळा राखलं. हेवीवेटमध्ये हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. अलीने ते तीनदा जिंकलं, आणि त्याच्याआधी तीनदा कुणीच जिंकलं नव्हतं. नुसत्या कागदावर निवाडा करायचा तर लुईला गदा देऊन घरी जावं.

लुई: गप्प बसण्याची शिस्त

आजच्या पोरांना लुईच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या की ती कंटाळतात. चेहऱ्यावर भाव नाही, नाच नाही, बोलणं नाही. समोरचा पडला की हा मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन उभा. पण ही गंमत त्याच्या स्वभावाची नव्हे, काळाची आहे. त्याच्याआधी जॅक जॉन्सन हा एकच कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला होता. तो मिरवायचा, हसायचा, पाडलेल्या गोऱ्या बॉक्सरला वर चिडवायचा. त्याने १९१५ साली विजेतेपद गमावलं आणि पुढची २२ वर्षं ते कुठल्याही काळ्या बॉक्सरच्या हाती लागलं नाही. लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला नियमच घालून दिले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, पडलेल्यावर हसायचं नाही, जिंकल्यावर मिरवायचं नाही. अलाबामातल्या गरीब शेतकरी घरातून डेट्रॉइटला आलेला हा पोरगा ते नियम वर्षानुवर्षं पाळत राहिला. २२ जून १९३७ ला शिकागोमध्ये आठव्या फेरीत जेम्स ब्रॅडॉकला पाडून तो विजेता झाला.

त्याच्या आधीच्या वर्षीच जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवलं होतं. श्मेलिंगने एक खोड हेरली होती: लुई जॅब (डाव्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारून झाला की डावा हात खाली सोडतो. त्या मोकळ्या जागेतून श्मेलिंगचा उजवा ठोसा पुन्हा पुन्हा आत शिरला. विजेता झाल्यावरही लुई म्हणायचा की श्मेलिंगला हरवेपर्यंत मला विजेता म्हणू नका. २२ जून १९३८, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, सत्तर हजार माणसं. बाहेर हिटलरचा जर्मनी आणि अमेरिका एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. सगळं १२४ सेकंदांत आटोपलं. दोन मिनिटं आणि चार सेकंद. ही लढत बघायला बसाल तर चहा आधी ओतून घ्या.

(श्मेलिंगला खलनायक ठरवण्याची घाई मात्र नको. तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, आणि त्याच वर्षी त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून वाचवलं. पुढे तो आणि लुई मित्र झाले.)

आता जोडीचा प्रश्न, आणि इथे लुईची बाजू थोडी लंगडी पडते. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा विजेतेपद पणाला लावलं. आजचे विजेते वर्षाला दोनदा रिंगमध्ये उतरले तर उपकार! पण त्या सातांतले बहुतेक जण असे होते की वार्ताहरांनी त्या मालिकेला 'महिन्याचा भोपळा' छापाचं चेष्टेचं नाव पाडलं होतं. अपवाद सातव्याचा. बिली कॉन लुईपेक्षा निदान ११ किलोंनी हलका. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकेत तो पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरी. उरलेल्या तीन फेऱ्या पळून काढल्या असत्या तर विजेतेपद त्याचं होतं. त्याला नॉकआउटची हाव सुटली, तो तेराव्या फेरीत भिडायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला. १९४७ साली जर्सी जो वॉलकॉटने लुईला दोनदा खाली बसवलं, तरी निकाल लुईच्या बाजूने लागला. तो निकाल लोकांना पटला नव्हता. पुढच्या वर्षी लुईने त्याला अकराव्या फेरीत पाडून तो वाद मिटवला.

दोघांची दोन युद्धं

अलीची बाजू घेणारा प्रत्येक जण एक गोष्ट सांगतो: ऐन भरातली साडेतीन वर्षं हिरावली गेली. खरं आहे. २८ एप्रिल १९६७ ला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरतीला नकार दिला. विजेतेपद काढून घेतलं, परवाने रद्द झाले, पाच वर्षांची कैद आणि १०,००० डॉलर दंड ठोठावला गेला. अपील चालू असल्याने तो तुरुंगात गेला नाही. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतचा काळ हातचा गेला होता.

पण हे सांगणारे लुईची वर्षं मोजायला विसरतात. लुई जानेवारी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, आपणहून सैन्यात भरती झाला. मार्च १९४२ ते जून १९४६, चार वर्षांहून जास्त काळ, एकही विजेतेपदाची लढत नाही. वय २७ ते ३२. तोही भराचाच काळ. त्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. लुई त्यांच्यापुढे प्रदर्शनी लढती खेळत होता. भरतीच्या सुमाराला दोन लढतींची बिदागी त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. त्याचं बक्षीस काय मिळालं? पुढे प्राप्तिकर खातं मागे लागलं. व्याजासकट थकबाकी दहा लाख डॉलरच्या वर गेली. ती फेडायला तो निवृत्तीतून परत आला, १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सकडून आणि १९५१ मध्ये मार्सियानोकडून हरला, मग प्रेक्षकांच्या करमणुकीच्या कुस्त्याही खेळला. शेवटी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करत उभा असायचा.

म्हणजे एकाने सरकारला 'हो' म्हटलं, दुसऱ्याने 'नाही'. मोजावं दोघांनाही लागलं. फरक इतकाच की लुई लष्करात होता तेव्हा त्याचे प्रतिस्पर्धीही गणवेशातच होते, कॉनसुद्धा. अली घरी बसला होता तेव्हा त्याचा पुढचा मोठा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर फिलाडेल्फियात रोज घाम गाळत होता.

अली: दोन वेगळे बॉक्सर

अलीचा हिशेब एका ओळीत लिहूच नये. बंदीपूर्वी २९ लढती, २९ विजय. बंदीनंतर २७ विजय, ५ पराभव. ही दोन माणसं आहेत.

पहिला अली पायांवर जिंकायचा. नोव्हेंबर १९६६ मधली क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची लढत बघा. तीन फेऱ्यांत खेळ खल्लास, आणि समोरच्याचे ठोसे हवेत. विल्यम्सही त्या वेळी ओसरलेला होता हे कबूल, पण त्या वजनाचा माणूस इतका हलका चालू शकतो हे डोळ्यांना पटत नाही.

दुसरा अली परत आला तो पाय जड करून. पण त्याला स्वतःबद्दल एक नवीन गोष्ट कळली: आपल्याला मार सोसता येतो. आफ्रिकेतल्या किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे चारला (अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीने ठरवलेली वेळ) समोर जॉर्ज फोरमन होता. वय २५, ४० पैकी ४० विजय, त्यांतले ३७ नॉकआउट. अलीला हरवलेल्या फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनाही फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत उडवलं होतं. ३२ वर्षांचा अली दोरांना पाठ लावून उभा राहिला आणि त्याला मारू दिलं. सात फेऱ्या. आठव्या फेरीत दमलेला फोरमन गेला.

पुढच्या ऑक्टोबरात मनिलाजवळ फ्रेझरशी तिसरी लढत. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे इतके मिटले होते की त्याचा वस्ताद एडी फच याने त्याला पंधराव्या फेरीला उठूच दिलं नाही. अलीची अवस्थाही फार वेगळी नव्हती.

जोडीच्या कसोटीवर इथे तराजू झुकतो. सनी लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन. हेवीवेटच्या इतिहासात एकाच माणसाच्या वाट्याला इतके भारी गडी आलेले नाहीत, आणि अलीने त्या चौघांनाही हरवलं. ज्यांच्याकडून हरला त्या फ्रेझर, नॉर्टन आणि स्पिंक्स या तिघांचंही उट्टं काढलं. (१९७६ ची नॉर्टनविरुद्धची तिसरी लढत नॉर्टन जिंकला होता असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच.) उरलेले दोन पराभव होम्स आणि बर्बिककडून, वयाच्या ३८ आणि ३९ व्या वर्षी.

अलीच्या खात्यावर एक डाग आहे आणि चाहते तो झाकतात. बंदीच्या काळात फ्रेझरने त्याला मदत केली होती, परवाना मिळावा म्हणून शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीने जाहीरपणे 'गोरिला' म्हटलं, गोऱ्यांचा लांगूलचालक म्हटलं. तिकिटं खपवायला केलं, म्हणतात. फ्रेझर ते शेवटपर्यंत विसरला नाही. लुईने पडलेल्या माणसाबद्दल असं कधी बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग निवडायचं कुणाला?

तुम्ही स्वतः ग्लोव्ह्ज घालत असाल, किंवा घरातलं पोरगं क्लबात जायला लागलं असेल, तर क्षणाचाही विचार न करता लुई. अलीकडून शिकू नका, खरंच. हात कमरेपाशी, ठोसा आला की मान सरळ मागे. कुठलाही प्रशिक्षक यावर ओरडेल, आणि बरोबर ओरडेल. त्या चुका अलीच्या वेगाला माफ होत्या, आणि वेग गेल्यावर त्यालाही माफ झाल्या नाहीत. लुईचे ठोसे आखूड, पायांची सरक वीतभर, जॅबमागून उजवा आणि त्यामागून डावा हुक. हे सगळं शिकता येतं. फक्त डावा हात खाली सोडू नका. ती चूक त्याच्यासाठी श्मेलिंगने सुधारून झाली आहे.

विजेतेपदावर राज्य कुणी केलं, एवढाच प्रश्न असेल तरी उत्तर लुई.

पण सगळ्यात मोठा कोण, असं विचाराल तर माझं मत अलीला, थोडक्या फरकाने आणि जोडीच्या जोरावर. बंदीनंतरचा अली मी पहिल्यापेक्षा मोठा मानतो. हातातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे पाय, गेल्यावर त्याने फोरमनला पाडलं. लुईला अशी कसोटी द्यावी लागली तेव्हा उशीर झाला होता.

वजनगट बाजूला ठेवून बोलायचं तर दोघांनीही शुगर रे रॉबिन्सनला वाट द्यावी. अली स्वतः त्याला आपला आदर्श मानायचा. रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत, बरेचसे चाळिशीच्या आसपासचे. शून्यवाल्यांना हे सांगून बघा. अडचण एकच: वेल्टरवेटमधल्या (हेवीवेटहून बऱ्याच हलक्या वजनगटातल्या) त्याच्या बहराच्या काळातलं चित्रीकरण फारच थोडं उरलंय, म्हणून नवख्या माणसाला त्याच्यापासून सुरुवात करायला मी सांगत नाही.

सुरुवात अशी करा. लुई-श्मेलिंग, १९३८. मग लुई-कॉन, १९४१. मग विल्यम्स, किन्शासा आणि मनिला, याच क्रमाने. होम्सविरुद्धची १९८० ची लढत टाळली तरी चालेल. होम्स पूर्वी अलीचाच सरावातला जोडीदार. तो मारत होता आणि मधेच पंचाकडे बघत होता, हे थांबवा म्हणून. मी ती लढत एकदा पाहिली.