विद्यापीठाची कार्यक्षमता मोजायचीय, डीईए घेऊ की एसएफए?

पीएचडीसाठी हा विषय घेतला की पहिल्या सहा महिन्यांत हा प्रश्न येतोच. कमी साधनांत (इनपुट) कोण जास्त काम (आउटपुट) करतं, हे मोजायच्या या दोन पद्धती. डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस) प्रत्येकाची सर्वोत्तम विद्यापीठांशी तुलना करतं, एसएफए (स्टोकॅस्टिक फ्रंटिअर अ‍ॅनालिसिस) संख्याशास्त्रीय समीकरणातून अकार्यक्षमता काढतं, आणि स्कोअर १ म्हणजे पूर्ण कार्यक्षम. मी दोन्ही चालवून बघितलं. एसएफए १९७७ चं, डीईए १९७८ चं, त्यामुळे जुनं-नवं असा काही वाद नाही.

कागदावर एसएफए सरस वाटतं. डेटातली गडबड वेगळी काढतं आणि अनुदान, विद्यापीठाचं वय, संशोधनाचा वाटा अशा घटकांचा परिणाम बॅटीसी-कोएलींच्या १९९५ च्या मॉडेलमध्ये त्याच फटक्यात मिळतो. डीईएत त्यासाठी दुसरी पायरी लागते आणि बरेच जण स्कोअरवर सरळ टोबिट (एक प्रकारचं रिग्रेशन) लावून मोकळे होतात, ते करू नका, सिमार-विल्सनचं २००७ चं बूटस्ट्रॅप (पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाज तपासणं) वापरा.

पण मला एसएफएने एका जागी फार छळलं. रेसिड्युअलचा (खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचा) स्क्यू, म्हणजे एका बाजूचा कल, उलट्या बाजूला गेला की मॉडेल अकार्यक्षमता शून्याच्या जवळ धरतं. माझ्याकडे तेच झालं, सगळ्या विद्यापीठांना ०.९९! फंक्शन बदललं, व्हेरिएबल बदलले, एक वर्ष गाळून पाहिलं, तीन आठवडे गेले, आणि गाईडनी विचारलं की म्हणजे सगळं उत्तम चाललंय का, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डीईएचीही अडचण आहे. तीन इनपुट, दोन आउटपुट घेतले तर निदान पंधरा विद्यापीठं हवीत, आणि कॉलेजं संलग्न असलेली आपली महाराष्ट्रातली पारंपरिक सरकारी विद्यापीठं जेमतेम अकरा, तेवढ्यावर चालवलं तर बहुतेकांना १ मिळतो. मी शेजारच्या राज्यांतली घेतली तेव्हा जमलं. मग एक विद्यापीठ जवळपास प्रत्येकाच्या पिअर-यादीत (ज्या कार्यक्षम विद्यापीठांशी तुलना होते त्यांच्या यादीत) दिसायला लागलं. म्हटलं बघू तरी एवढं काय करतात, तर तिथे प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिक्त, शिकवणं तासिका तत्त्वावरच्या लोकांच्या जिवावर, आणि ते लोक माझ्या इनपुटमध्ये नव्हतेच! कमी पगारात राबणाऱ्यांना मोजलं नाही म्हणून विद्यापीठ कार्यक्षम ठरत होतं, हे मला फार लागलं. आउटलायर (इतरांपेक्षा फार वेगळा पडणारा आकडा) सहन होत नाही हा डीईएचा दोष म्हणतात, पण माझी चूक सापडली ती त्यामुळेच. एसएफएत ती एरर टर्ममध्ये, म्हणजे गडबडीच्या हिशोबात, मुरली असती असं मला तरी वाटतं.

तुमच्याकडे शंभरेक विद्यापीठांचा सात-आठ वर्षांचा पॅनल डेटा (त्याच विद्यापीठांचे दर वर्षीचे आकडे) असेल आणि मुख्य प्रश्न घटकांचाच असेल तर एसएफए जरूर बघा, कदाचित तुम्हाला माझ्यासारखा त्रास होणारही नाही. नाहीतर मी डीईएच सांगेन. फक्त चालवण्याआधी तासिका तत्त्वावरच्या तासांचा आकडा विभागांकडून मागून घ्या आणि पूर्णवेळ शिक्षकांच्या हिशोबात बदलून इनपुटमध्ये धरा. आकडा सहज मिळत नाही, मला माहिती अधिकारात अर्ज करावा लागला, पण तो धरल्यावर ते पहिलं विद्यापीठ बरंच खाली आलं.