घरी केलेल्या सर्किट बोर्डांसाठी ४८ व्होल्टचा स्पिंडल : दिवाळी ते मृग, वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात शेतपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. लाइन येताच मोटर चालू करणाऱ्या ऑटो-स्टार्टरला त्यामुळे कायम मागणी. त्याचे बोर्ड मी घरीच करतो. टोनरची छाप, नको असलेलं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड आणि मग भोकं. भोकांसाठी दिवाळीत ३०० वॉटचा, मिनिटाला १२,००० फेऱ्यांचा डीसी स्पिंडल घेतला, म्हणजे भोक पाडणारी बिट फिरवणारी मोटर. बिट धरायला त्याला ईआर-११ मापाची कोलेट आहे, म्हणजे नटाने आवळली जाणारी, चिरा असलेली नळी.

विकणारे फेऱ्यांचा आकडा सांगतात. तुम्ही आधी टोक किती डगमगतं ते विचारा. ०.८ मिलिमीटरची कार्बाइड बिट ठिसूळ असते. वाकत नाही, सरळ तुटते. आधीच्या ७७५ मापाच्या छोट्या मोटरच्या पितळी चकात (बिट धरणाऱ्या तोंडात) बाजूचा स्क्रू आवळला की बिट एका अंगाला ढकलली जायची. कोलेट चहूबाजूंनी सारखी पकडते. बिट तुटणं जवळपास थांबलं, आयसीच्या (चिपच्या) पायांची भोकं एका रेषेत येऊ लागली. माझ्या मते पैसे इथेच वसूल झाले.

कोलेट मात्र ३.१७५ मिलिमीटरचीच घ्या, कारण या बिटांचा दांडा तेवढाच असतो. ३ च्या कोलेटमध्ये कोंबू नका. ती आधी नटात टक् करून बसवायची, मग नट स्पिंडलवर. आत भुकटी राहिली तर चांगली कोलेटही डगमगते.

फेरे कमी पडतात, हे खरं. १२,००० वर ०.८ च्या बिटची धार मिनिटाला जेमतेम ३० मीटर धावते. काच-इपॉक्सीच्या बोर्डाला याच्या कितीतरी पट वेग लागतो, म्हणून कारखान्यातले स्पिंडल लाखावर फिरतात. इथे हात सावकाश ठेवावा लागतो आणि बोर्डाखाली एमडीएफचा सपाट तुकडा हवाच, नाहीतर खालून तांबं उचकटतं. नुसते फिनॉलिक (कागद आणि राळेचे, मऊ) बोर्ड करणाऱ्याला ७७५ सुद्धा चालेल.

उन्हाळ्यात टिनाखाली मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही. पंखा तिच्याच दांड्यावर आहे. वेग कमी केला की वाराही कमी. मे महिन्यात मी हे काम पहाटेच उरकतो. कापसाच्या दिवसांत झरोक्यांत रुई अडकते, ती काढत राहा. आणि काचेची भुकटी फुप्फुसात जाते, तेव्हा मास्कशिवाय एकही भोक पाडू नका, जवळ लेकरं असतील तर मुळीच नाही.

कार्बन ब्रशची जादा जोडी स्पिंडलसोबतच मागवा. आमच्या तालुक्याला त्या मापाची मिळत नाही.