लोमॅक्स डिजिटल अर्काइव्ह: मिसिसिपीचं अस्सल गाणं मिरजेत बसून ऐकायचं तर

ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी), बँजो, चर्चमधली गाणी, तुरुंगातली कामाची गाणी. अमेरिकेच्या मातीतलं संगीत शोधायचं असेल तर हे संकेतस्थळ आधी उघडावं. लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९४६ पासून गावोगाव हिंडून जे टेप केलं, ते इथं फुकट ऐकता येतं. फाइल उतरवून घ्यायची सोय मात्र नाही. नेट गेलं की गाणंही गेलं.

बरेच जण फसतात ते इथं: लोमॅक्सचं त्याआधीचं सगळं कामही या साइटवर मिळेल असं धरतात. वडील जॉन लोमॅक्स यांच्याबरोबर १९३३ साली लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात ध्वनिमुद्रित केलेला गायक लेड बेली किंवा १९४१ साली मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर घेतलेला ब्लूज गायक मडी वॉटर्स हा सगळा ऐवज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी सरकारी ग्रंथालयाचा आहे. तो तिथं शोधा.

गायकाच्या नावाने सुरुवात करू नका, सुटी गाणी हाती लागतात. आधी दौरा निवडा, मग गाव, मग ध्वनिमुद्रणाची बैठक. पहिल्यांदा येणाऱ्याने १९५९-६० चा दक्षिणेचा दौरा उघडावा आणि त्यातलं मिसिसिपीतलं कोमो हे गाव. तारीख ९/५९ अशी दिसते, म्हणजे सप्टेंबर १९५९. बैठक ओळीने ऐका. मधलं बोलणं, फसलेली सुरुवात, काही गाळू नका.

इथंच फ्रेड मॅकडॉवेल भेटतो. शेतकरी माणूस, पन्नाशी उलटलेली, तोवर एकही रेकॉर्ड नाही. बाटलीचं नरडं बोटात घालून गिटारच्या तारेवरून सरकवतो आणि गाता गाता ओळ अर्धी सोडून उरलेली तारेवर पुरी करतो. मिरजेच्या सतारीवर मींड ऐकलेला कान हे लगेच पकडतो. सोबत शेजारी राहणारा माइल्स प्रॅचर दुसऱ्या गिटारवर, आणि बहीण फॅनी डेव्हिस कंगव्यावर कागद धरून फुंकते. पहिल्यांदा तो आवाज टेपमधली खरखर वाटतो. ती खरखर नव्हे.

टेपचा मोठा फायदा वेळेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांना जसा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवावा लागला, तसंच जुन्या ब्लूजवाल्यांचंही झालं. टेपवर ती घाई नाही.

१९५९ चं ध्वनिमुद्रण स्टिरिओ आहे. मोबाइलच्या स्पीकरवर त्याची मजा निम्मी होते, साधा वायरचा हेडफोन लावा. मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगातली १९४७-४८ ची टेप मोनो, तिच्याकडून ती अपेक्षा नको. पण लाकूड फोडणाऱ्या कैद्यांचं गाणं ऐकताना कुऱ्हाडीकडे कान द्या: घाव समेवर पडतो, श्वास त्यानंतर, आणि पुढची ओळ त्या श्वासावर उचलली जाते. सक्तमजुरीतून आलेली लय आहे ही, पार्श्वसंगीत म्हणून लावू नये.

खरी मोठी उणीव दुसरीच. बहुतेक गाण्यांचे शब्द लिहून दिलेले नाहीत आणि दक्षिणेतला उच्चार आपल्याला पहिल्या फटक्यात कळत नाही. उपाय म्हणजे आधी जॉर्जियाच्या बेटांवरची बेसी जोन्स ऐका. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, अशी तिची गाणी. झेलणारे तेच शब्द परत परत म्हणतात, त्यामुळे दोनदा ऐकलं की निम्मं गाणं कळतं. कोमो त्यानंतर जड जात नाही.