जुनी मॅक्रो लेन्स घेताय? आधी मागून टॉर्च मारून बघा

पावसाळा अर्ध्यावर आला की जुन्या मॅक्रो लेन्सच्या, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या लेन्सच्या, जाहिरातींना ऊत येतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. घेणाऱ्याला घाई असते आणि विकणाऱ्याला ती बरोबर ठाऊक असते. मला अशीच एक 100 मिमी मॅक्रो 38,000 रुपयांना एकाने गळ्यात मारली. तो माणूस अजून विकतोच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीत कासचे फोटो होते. तेरड्याचा गुलाबी पसारा, सीतेची आसवं, आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचं एक पान, त्याच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब. "ताई, याच लेन्सने काढलेत सगळे." भेट पुण्यात, भर दुपारी, एका हॉटेलाबाहेर. "नीट बघून घ्या, मागाहून कटकट नको," हेही तोच म्हणाला. माझ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिली. फोकस झटपट, बाहेरून एक चरा नाही, समोरच्या झाडाचे फोटो खणखणीत. सोबत खोका, वॉरंटी कार्ड, मुंबईच्या दुकानाची पावती. पैसे मात्र 'भावाच्या' यूपीआयवर घेतले.

कासला सकाळी कातळावर पालथं पडून दवबिंदू टिपायला घेतला. ते थेंब पेटायचे तर सूर्य समोरच हवा. फोटो बघते तर सगळी चौकट दुधाळ, काळा कातळ राखाडी, थेंबांभोवती धुरकट वलयं. काच पुसली, हूड लावला, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बदललं, फरक शून्य. सूर्य पाठीशी घेऊन तेरडा काढला तर तो अगदी स्वच्छ आला.

पुण्यातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी दिवा मालवला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं आणि मागच्या बाजूने तिरका टॉर्च धरला. आतल्या भिंगावर कोळिष्टकासारखे तंतू पसरलेले. बुरशी! दमट हवेत ती वाढते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल भिंगावरचा लेप खातं. बुरशी पुसता येते, खाल्लेला लेप परत येत नाही. उजेड पाठीशी असला की अशी लेन्स चांगला फोटो देते. समोरून आला की तंतू तो विखुरतात. काकांनी माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याचे, स्क्रूही दाखवले. खाचा खरवडलेल्या होत्या. लेन्स आधी उघडली होती, हाताला लागली तेवढी भिंगं पुसून पुन्हा बंद केली होती. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. भर उन्हातली भेटही उगाच नव्हती, तेवढ्या उजेडात आतलं काही दिसत नाही. मला पैशांपेक्षा याचा जास्त संताप येतो.

पावतीही बनावट निघाली. पत्ता मुंबईचा, पण जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27. जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधलं तर तो क्रमांकच अस्तित्वात नाही. दवबिंदूचा फोटो गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपमध्ये) टाकला, तो भलत्याच छायाचित्रकाराचा निघाला. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

तेव्हा जुनी लेन्स बघायला जाल तर खोलीत, अंधार करता येईल अशा ठिकाणी भेटा. टॉर्च दोन्ही बाजूंनी मारा. दिव्याकडे तोंड करून एक फोटो काढाच. नमुन्याचे फोटो व्हॉट्सॲपवर घेऊ नका, त्यात फाइलमधली माहिती गळून जाते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, ईमेलने मागवा. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये लेन्सचा अनुक्रमांक असतो, तो लेन्सवरच्या आकड्याशी जुळवा. पैसे समोरच्याच्याच नावावर पाठवा. आगाऊ रक्कम पाठवली आणि माणूस गायब झाला, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तोच दवबिंदू आता एका 90 मिमी मॅक्रोच्या जाहिरातीत दिसतो आहे, नंबर नवा आणि गाव कोल्हापूर. कोल्हापूरकरांनो, त्या फोटोवाल्याच्या नादी लागू नका.