गॅरेजमधला गोल्फ सिम्युलेटर: गुंडाळणारा पडदा की सरकणारा?

गोव्यात पर्वरीला राहणाऱ्या भाच्याला गॅरेजात गाडीही हवी आणि गोल्फ सिम्युलेटरही, म्हणजे प्रोजेक्टरने मैदान दाखवणारा पडदा, ज्यावर खरा चेंडू मारायचा. छताशी मोटरने गुंडाळणारा पडदा घ्यावा की रुळावर हाताने सारायचा, यावर तो अडलाय.

खर्चात रूळच स्वस्त.

टिकण्यात खरी मेख आहे. आपल्याकडे पावसाळाभर भिंतीसुद्धा ओल धरतात. दमट पडदा गुंडाळून ठेवला की आत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि प्रोजेक्टरच्या उजेडात नेमके तेच दिसतात. सरकता पडदा लोंबता राहतो, त्याला वारा लागतो. रूळ ॲल्युमिनियमचा, कड्या स्टेनलेस स्टीलच्या घे. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं.

मेहनत मोटरवाल्यात कमी, बटण दाबलं की झालं. पण वीज गेली तर पडदा खालीच आणि गाडी बाहेर. हँडलने फिरवता येणारी मोटरच बघ. मोटरवाल्या पडद्याच्या खालच्या दांडीवर चेंडू आपटला तर उलटा अंगावर येतो, तिला फोमचं आवरण हवंच. पडदा कुठलाही असो, मागे फूटभर जागा सोड आणि तो ताणू नकोस.

गाडी रोज आत-बाहेर आणि बाजूला भिंत लागून असल्याने पडदा सारून ठेवायला जागा नसेल तर मोटर. शनिवार-रविवारीच खेळणार, समुद्र जवळ, तर रूळ. भाच्याला मी रूळच सांगितलाय.