जुळ्या जनुकांची वेगवेगळी चित्रे : झेब्राफिशच्या भ्रूणांवर एचसीआर वापरल्यानंतरचा अनुभव

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात एखाद्या कुलातील (एकाच मूळ जनुकापासून आलेली, अनुक्रमाने सारखी) जनुके कोणत्या पेशींत आणि केव्हा व्यक्त होतात हे पाहण्यासाठी आमच्याकडे डिगॉक्सिजेनिन ही खूण लावलेला लांब आरएनए प्रोब (एमआरएनएला चिकटणारा पूरक तुकडा) आणि एनबीटी-बीसीआयपी या रसायनांचा जांभळा रंग हीच पद्धत रुळलेली होती. गेले अनेक महिने मी त्याच कामासाठी एचसीआरची (हायब्रिडायझेशन चेन रिॲक्शन, म्हणजे चमकणाऱ्या डीएनए तुकड्यांच्या साखळीने एमआरएनए दाखवण्याची पद्धत) तिसरी आवृत्ती वापरत असून सॉक्स बी१ हे जनुकांचे कुल तिच्यावर तपासून पाहिले आहे. ज्यांना एका जनुकाचे एकच चित्र हवे आहे त्यांनी हा खटाटोप करू नये, असे मत सुरुवातीलाच नोंदवतो. पुढचे सारे कुलाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे.

या माशात कुलाचा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण टेलिऑस्ट या अस्थिमत्स्यांच्या गटाच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम एकदा दुप्पट झाला आणि त्यातली बरीच जनुके जोडीने टिकली. शरीराची आखणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे उंदरात चार समूह आहेत, तर झेब्राफिशमध्ये सात. उंदरातील एनग्रेल्ड-१ या एका जनुकाचे काम इथे वाटले गेले आहे : एनजी१ए छातीच्या पराच्या अंकुरात दिसते, तर एनजी१बी पश्चमस्तिष्क आणि मेरुरज्जूतील चेतापेशींत. सॉक्स बी१ कुलात सॉक्स१ए, सॉक्स१बी, सॉक्स२, सॉक्स३, सॉक्स१९ए आणि सॉक्स१९बी अशी सहा जनुके असून त्यांपैकी बहुतेकांचा वावर मज्जासंस्थेच्या एकाच परिसरात असतो. त्यामुळे सहा वेगळ्या भ्रूणांची सहा जांभळी चित्रे शेजारी ठेवून ‘ही दोन जनुके एकाच पेशीत आहेत’ असे म्हणणे हा बहुतांशी अंदाजच असतो.

एचसीआर नेमकी इथे उपयोगी पडते. या पद्धतीने झेब्राफिशच्या अखंड भ्रूणात पाच एमआरएनए एकाच वेळी दाखवता येतात हे २०१० मध्येच सिद्ध झाले होते. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रोबचे दोन भाग केले गेले. प्रत्येकी २५ न्यूक्लिओटाइडचे दोन तुकडे लक्ष्यावर शेजारीशेजारी बसले तरच प्रारंभक (साखळी सुरू करणारा अनुक्रम) पूर्ण होतो आणि चमकणाऱ्या हेअरपिनची (स्वतःवर दुमडलेल्या डीएनए तुकड्यांची) साखळी वाढू लागते. एकटा तुकडा भलतीकडे चिकटला तर साखळी सुरूच होत नाही, म्हणून पार्श्वभूमी खरोखर काळी राहते. प्रोब लहान असल्याने ते ऊतीत खोलवर शिरतात; संकरण (प्रोब लक्ष्याला जोडण्याची पायरी) ३७ अंश सेल्सिअसवर होते, जुन्या पद्धतीतल्या ६५ ते ७० अंशांची गरज पडत नाही, आणि भ्रूणांचा आकारही अधिक चांगला टिकतो.

मात्र याच गुणावर विसंबून पुष्कळजण दिसणारा संकेत नेमक्या त्याच जनुकाचा आहे असे गृहीत धरतात, आणि माझी मुख्य तक्रार त्या गृहीतकाविषयी आहे. दोन तुकड्यांची अट यादृच्छिक चिकटण्यापासून वाचवते, जुळ्या जनुकापासून वाचवत नाही. सॉक्स१ए आणि सॉक्स१बी यांचा अनुक्रम जिथे जवळजवळ सारखा आहे, तिथे दोन्ही तुकडे चुकीच्या एमआरएनएवरही शेजारीशेजारीच बसतात आणि मिळणारा संकेत स्वच्छ, तेजस्वी आणि खोटा असतो. म्हणून ७९ अमिनो आम्लांची एचएमजी पेटी (सॉक्स प्रथिनांचा डीएनएला बांधणारा, कुलात सर्वाधिक सारखा भाग) सांकेतिक करणारा पट्टा प्रोबसंचातून पूर्ण वगळावा आणि भर ३' टोकाकडील अननुवादित भागावर द्यावा. सॉक्सचे एमआरएनए मुळात फार लांब नसल्याने अशी काटछाट केल्यावर प्रोबच्या जोड्या थोड्या उरतात व संकेत मंदावतो. ही किंमत मला मान्य आहे. तयार प्रोबसंच मागवताना मात्र प्रत्येक जोडीचा अनुक्रम कुलातल्या इतर सर्व सदस्यांशी स्वतः ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रोबविना केवळ हेअरपिन घातलेले नियंत्रण आवश्यकच आहे, पण त्यातून या प्रकारची गफलत उघड होत नाही. त्यासाठी त्या जनुकाचा अनुक्रमच काढून टाकलेला उत्परिवर्ती भ्रूण लागतो.

सुरुवातीच्या अवस्थांबाबत आणखी एक मर्यादा आहे. २८.५ अंशांवर साधारण तीन तासांपर्यंत भ्रूण मुख्यतः मातेने अंड्यात ठेवलेल्या एमआरएनएवर चालतो आणि सॉक्स१९बी हा त्या शिदोरीचाच भाग आहे. त्या काळातला सर्वत्र पसरलेला संकेत खरा असतो, पण मातेकडून आलेला आणि भ्रूणाने स्वतः तयार केलेला एमआरएनए यांत एचसीआर फरक करत नाही. इतर जनुकांत इंट्रॉनवर (प्रतिलेखातून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागावर) प्रोब बसवून केंद्रकातले नवे प्रतिलेख ठिपक्यांच्या रूपात पकडता येतात. सॉक्स२ आणि सॉक्स३ यांना इंट्रॉनच नसल्याने ही सोय त्यांच्या बाबतीत मिळत नाही. कोणत्या तासाचे भ्रूण निवडावेत हे ठरवताना पहिल्या पेशीपासून पाच दिवसांपर्यंतच्या १८ टप्प्यांचा आरएनए अनुक्रमणाचा २०१७ मधील प्रकाशित विदासंच मला फार उपयोगी पडला.

रंगांच्या वाटणीत पीतकाची (भ्रूणाच्या अन्नसाठ्याची) स्वयंदीप्ती हा नित्याचा त्रास आहे. ती हिरव्या वाहिनीत सर्वाधिक जाणवते, म्हणून ४८८ च्या (हिरव्या) वाहिनीत जोरकस जनुक आणि ६४७ च्या (गडद लाल) वाहिनीत अशक्त जनुक ही वाटणी मी आता बदलत नाही. २४ तासांनंतरच्या भ्रूणांत मेलॅनिन आड येते. त्यावर पीटीयू (रंगद्रव्य बनू न देणारे रसायन) चालते, तरी शक्य असेल तिथे मी रंगद्रव्यहीन वाण पसंत करतो. कोवळ्या भ्रूणांना प्रोटिनेज के (ऊती सैल करणारे विकर) लागत नाही. हेअरपिन मात्र वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी ९५ अंशांवर तापवून अंधारात थंड करावेच लागतात, आणि दोन्ही हेअरपिन वेगवेगळ्या नळ्यांत.

वेळेची बचत होईल या अपेक्षेने कोणी येऊ नये. जुन्या पद्धतीप्रमाणेच इथेही तिसऱ्या दिवशी चित्र हाती येते, शिवाय त्यासाठी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक मोकळा असावा लागतो. जांभळे भ्रूण ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. चमकणारे रंग फिके पडतात. नव्या जनुकाची पहिली ओळख मी अजूनही जांभळ्या रंगानेच करून घेतो आणि एकाच ऊतीत दोन भावंडे दिसली की मगच त्या जोडीसाठी एचसीआरचे प्रोब मागवतो. भिंगातील सॉक्स१ए आणि सॉक्स१बी यांच्यासाठी हा क्रम सध्या चालू आहे. त्या जोडीचे उत्परिवर्ती भ्रूण हाती येईपर्यंत तिथल्या एकत्रित संकेतावर मी कोणताही निष्कर्ष लिहिणार नाही.